पंख्यासमोरचा पंख

सदर : घरची प्रयोगशाळा

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांच्या विज्ञान प्रदर्शनाचे निरोप पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येऊ लागतात. मग ज्वालामुखी, पवनचक्की, पाणी गाळणारी बाटली अशी नेहमीची यादी निघते. बंगळुरूत या यादीत एक विषय हटकून असतो, तो म्हणजे विमान. त्यात नवल नाही. या गावात विमानं बनतात, तपासली जातात आणि दर दोन वर्षांनी येलहंक्याच्या आकाशात एअरो इंडियाच्या कसरतीही होतात. गच्चीवर उभं राहून त्या पाहिलेल्या मुलाला विमानावर काहीतरी करावंसं वाटणारच.

पण होतं काय? थर्माकोलचं सुबक विमान तयार होतं, मागे रंगीत तक्ता लागतो, तक्त्यावर बाण काढले जातात आणि मूल चार ओळी पाठ म्हणून दाखवतं. छान दिसतं, पण हा प्रयोग नाही, ही प्रतिकृती झाली. प्रयोगाचं उत्तर करून बघेपर्यंत आपल्याला माहीत नसतं. आज तसा एक खरा प्रयोग कसा आखायचा ते पाहू. साधारण सातवी ते बारावीच्या मुलांना तो जमेल. धाकट्यांना आकडे लिहून घेण्याचं काम देता येईल.

तक्त्यावरची ती ओळ

विमानाच्या पंखाबद्दल एक स्पष्टीकरण वर्षानुवर्षं तक्त्यांवर फिरतंय. ते असं : पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरचा रस्ता लांब. वरून जाणाऱ्या हवेला खालच्या हवेला पंखाच्या मागच्या टोकाशी गाठायचं असतं, म्हणून ती वेगाने पळते. वेग वाढला की दाब कमी होतो आणि पंख वर उचलला जातो.

ऐकायला पटतं. पण तीन प्रश्न विचारून बघा. वरच्या आणि खालच्या हवेने मागच्या टोकाशी एकाच वेळी पोहोचायचं, असा नियम कुणी केला? वहीच्या कागदाचं विमान करतो, त्याचा पंख तर सपाट असतो, मग ते तरंगतं कसं? आणि सूर्यकिरणची विमानं उलटी होऊन उडतात, तेव्हा फुगीर बाजू खाली असते, मग ती कोसळत का नाहीत?

केंब्रिज विद्यापीठातले प्राध्यापक होल्गर बाबिन्स्की यांनी धुराच्या रेषा पंखावरून सोडून हे चक्क दाखवून दिलं आहे. वरची हवा खालच्या हवेला गाठत नाही, ती तिच्या आधीच मागच्या टोकाशी पोहोचते. म्हणजे वरची हवा वेगाने जाते हे खरं, वर दाब कमी असतो हेही खरं. फक्त त्याचं सांगितलेलं कारण खोटं आहे.

मग खरं काय? पंख हवेशी थोडा तिरका असतो किंवा त्याला बाक असतो. त्यामुळे त्याच्या वरून आणि खालून जाणारी हवा वळून खालच्या दिशेने जाते. पंख हवेला खाली ढकलतो आणि हवा पंखाला वर ढकलते. हा न्यूटनचा तिसरा नियम. हवा अशी वळताना पंखाच्या वर दाब कमी आणि खाली जास्त होतो, आणि वेग व दाब यांचा तो हिशोब बर्नोलीच्या नियमाने मांडता येतो. न्यूटन आणि बर्नोली यांचं इथे भांडण नाही. एकाच गोष्टीचे ते दोन हिशोब आहेत.

पण हे माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तक्त्यावर लिहू नका. करून बघा.

बंगळुरूचे वाऱ्याचे बोगदे

विमान थांबवून त्याच्यावर वारा सोडला, तर विमान उडताना जे घडतं तेच जमिनीवर बघता येतं. यासाठी जे यंत्र वापरतात त्याला विंड टनेल, म्हणजे वाऱ्याचा बोगदा म्हणतात. बंगळुरूत असे मोठमोठे बोगदे आहेत. भारतीय विज्ञान संस्थेतल्या, म्हणजे इथले लोक ज्याला टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात तिथल्या, एका बोगद्याचं तोंड १४ फूट रुंद आणि ९ फूट उंच आहे. तो १९५९ पासून चालू आहे. नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये आवाजाच्या कित्येक पट वेगाचा वारा सोडता येतो.

मराठी वाचकांनी माहीत करून घ्यावं असं एक नाव या गोष्टीत आहे, डॉ. विष्णू माधव घाटगे. मूळचे कोल्हापूरकडचे. जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठात लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. प्रांटल म्हणजे या शास्त्रातले गुरूंचे गुरू. वस्तूला अगदी चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर वेगळ्याच रीतीने वागतो, हे त्यांनी १९०४ मध्ये मांडलं होतं. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली, तीच आजची एचएएल. घाटगे तिथे आले आणि टाटा इन्स्टिट्यूटमध्ये विमानविद्येचं शिक्षण सुरू करण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेलं एचटी-२ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालं. आपल्या हवाई दलाचे कितीतरी वैमानिक त्यावर शिकले.

त्याही आधीची एक गोष्ट. राइट बंधूंचे ग्लायडर १९०१ मध्ये अपेक्षेइतके उचलले जाईनात. छापील कोष्टकांतले आकडे आणि हातातला अनुभव जुळेना. मग त्यांनी आपल्या सायकलच्या दुकानात सहा फूट लांबीची लाकडी पेटी बनवली, तिच्या तोंडाशी पंखा लावला आणि सायकलच्या चाकाच्या तारा आणि करवतीची पाती वापरून मोजमापाचा काटा तयार केला. त्यात त्यांनी दीडशेच्या वर लहान लहान पंख तपासले. १९०३ चं उड्डाण त्या पेटीतून निघालेल्या आकड्यांवर उभं आहे. तेव्हा घरगुती सामानाला हसू नका.

आधी प्रश्न ठरवा

'विमान कसं उडतं?' हा प्रयोगाचा प्रश्न नाही, तो फार मोठा आहे. आपला प्रश्न इतकाच : पंख हवेशी जास्त जास्त तिरका करत गेलं, तर त्याची उचल कशी बदलते? त्याला जोडून दुसरा : सपाट आणि बाकदार पंखांत किती फरक पडतो?

बदलायची गोष्ट एका वेळी एकच. कोन बदलत असाल तर पंखा, अंतर, पंखाचा आकार, खोलीच्या खिडक्या, सगळं आहे तसंच राहिलं पाहिजे. बाकदार पंख लावलात तर पुन्हा तेच कोन, तेच अंतर. एवढी एक शिस्त पाळली की अर्धा प्रयोग झाला.

मोजणी सुरू करण्याआधी आपला अंदाज वहीत तारीख घालून लिहून ठेवा. तो चुकला तरी चालेल. पण नंतर खोडायचा नाही.

सामान

बरंचसं घरातच सापडेल.

• १६ इंची टेबल फॅन.
• स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, १ ग्रॅमपर्यंत मोजणारा. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा पॉकेट काटा मिळाला तर उत्तम. बंगळुरूत एसपी रोडला सहज मिळतो.
• ऑनलाइन खरेदीचे पुठ्ठ्याचे खोके, जाड कार्डशीट, फेविकॉल.
• बांबूची काडी, लाकडाचा ठोकळा, एक छोटा नटबोल्ट.
• कंपासपेटीतला कोनमापक, लोकरीचे तुकडे, एक उदबत्ती.

पंख ३० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद कापा. एक सपाट ठेवा. दुसऱ्याला बाक द्या. त्यासाठी पुठ्ठ्याच्या तीन फासळ्या कापा, मधोमध ५ मिलिमीटर उंच आणि दोन्ही टोकांना निमुळत्या, आणि कार्डशीट त्यांवर चिकटवा.

एवढ्याशा पंखाला उचल मिळेल तरी किती? हिशोब करून बघू. उचल काढायला चार गोष्टी लागतात : हवेची घनता, वाऱ्याच्या वेगाचा वर्ग, पंखाचं क्षेत्रफळ आणि पंखाचा आकार व कोन यांवर ठरणारा एक गुणांक. वारा सेकंदाला ३ मीटर धरला, तर मधल्या कोनाला उत्तर साधारण १० ग्रॅम येतं, म्हणजे दोन छोटे चमचे साखर. स्वयंपाकघरातल्या काट्याला ती समजेल, पण जेमतेम. म्हणून मांडणी नीट हवी. वेगाचा वर्ग आहे हेही विसरू नका. वारा दुप्पट झाला तर उचल चौपट होते.

मांडणी

पहिली अडचण पंख्याचीच. त्याचा वारा सरळ येत नाही, गोल गोल फिरत येतो. त्यासाठी पुठ्ठ्याच्या १५ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा, त्यांना निम्म्यापर्यंत खाचा पाडा आणि एकमेकींत अडकवून चौकोनी घरांची जाळी करा. बाटल्यांच्या खोक्यात कप्पे असतात ना, तशी. एक घर साधारण ३ सेंटिमीटरचं असू द्या. ही जाळी ४० सेंटिमीटरच्या उघड्या खोक्यात बसवून पंख्यासमोर अर्ध्या मीटरवर ठेवा. जाळीपलीकडे काठीला लोकरीचे तुकडे बांधून वारा तपासा. तुकडे जिथे सरळ आणि शांत राहतील तिथे पंख ठेवायचा. पंख्याच्या बरोबर मध्यासमोर वारा कमी असतो, ती जागा टाळा.

लाकडी ठोकळ्यात काडी उभी रोवा. काडीच्या वरच्या टोकाला नटबोल्टने पंख असा बसवा की तो तिरका करून घट्ट करता येईल. ठोकळा रुंद हवा, नाहीतर वाऱ्याने कलंडेल. हा सगळा डोलारा वजनकाट्यावर ठेवा. काट्याभोवती पुठ्ठ्याचं खोकं पालथं घाला आणि काडीपुरतं भोक ठेवा. काडी भोकाला कुठेही घासता कामा नये. खोकं नसेल तर वारा काट्याच्या ताटलीवरच दाब देईल आणि तुम्ही पंखाऐवजी ताटली मोजत बसाल.

आणखी एक बारकावा. डिजिटल काट्यावर 'टेअर' दाबून शून्य करायचा मोह होतो. इथे तो टाळा. बरेच काटे शून्याच्या आसपासचा हळू बदल स्वतःच गिळून टाकतात आणि पुन्हा शून्य दाखवतात. त्यापेक्षा पूर्ण वजन लिहा. समजा, पंखा बंद असताना ३५२ ग्रॅम आणि चालू असताना ३४४ ग्रॅम आलं, तर उचल ८ ग्रॅम.

मोजणी

कोन घ्या ०, ४, ८, १२, १६ आणि २० अंश. प्रत्येक कोनाला तीन वाचनं. म्हणजे एका पंखाची १८ वाचनं झाली. प्रत्येक वेळी पंखा बंद करून आधीचं वजन पुन्हा बघा.

कोन मात्र ओळीने घेऊ नका. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा. पंख्याची मोटर तापली की त्याचा वेग थोडा बदलतो. तुम्ही नेहमी ० पासून २० पर्यंत गेलात, तर मोटरचा परिणाम आणि कोनाचा परिणाम एकमेकांत मिसळतील आणि वेगळे काढता येणार नाहीत.

दोन तपासण्या न चुकता करा. एक, पंख काढून नुसती काडी वाऱ्यात ठेवून वाचन घ्या. बदल जवळजवळ शून्य यायला हवा. दोन, सपाट पंख ० अंशावर ठेवा. त्यालाही उचल मिळता कामा नये. मिळाली तर एकतर पंख तिरका बसलाय किंवा वारा आडवा सरळ येत नाही. आधी ते दुरुस्त करा, मग पुढे जा.

काय दिसेल?

आलेख काढा. आडव्या रेषेवर कोन, उभ्या रेषेवर उचल. सुरुवातीला कोन वाढेल तशी उचल वाढत जाईल. सपाट पुठ्ठाही उचलला जाईल, आणि 'वरचा रस्ता लांब' या स्पष्टीकरणाचा तिथेच निकाल लागेल. मग १० ते १५ अंशांच्या आसपास कुठेतरी वाढ मंदावेल, थांबेल किंवा उचल कमी होऊ लागेल. याला स्टॉल म्हणतात. पंखाच्या वरच्या बाजूला लोकरीचे छोटे तुकडे चिकटवले असतील, तर ते आधी शांत मागे झोपलेले दिसतील आणि स्टॉलला फडफडू लागतील, काही उलटेही फिरतील. प्रांटल यांनी सांगितलेला तो चिकटून वाहणारा थर पंखापासून सुटला, याची ती खूण आहे. वैमानिकाला पहिल्या काही धड्यांतच स्टॉल ओळखायला शिकवतात, ते याचसाठी.

आता बाकदार पंख उलटा लावा. लहान कोनाला काट्यावरचं वजन कमी होण्याऐवजी बहुधा वाढेल, म्हणजे पंख खाली दाबला जातोय. कोन वाढवत न्या. एका कोनानंतर तोच उलटा पंख वर उचलला जाऊ लागेल. उलटं उडणाऱ्या विमानाचं कोडं तुमच्या जेवणाच्या टेबलावर सुटलं. वैमानिक नाक थोडं जास्त वर धरतो, एवढंच.

ज्यांना हौस आहे त्यांनी पुस्तकातल्या चित्रासारखा जाड, गोल नाकाचा पंखही करून बघावा. तो साध्या वाकवलेल्या कार्डशीटपुढे हरण्याची बरीच शक्यता आहे. पंख लहान आणि वारा मंद असेल, तर जाड पंखावरची हवा लवकर सुटते. मोठ्या विमानाला जे मानवतं ते इथे चालत नाही. चतुराचा पंख बघा, पातळ आणि घड्या पडलेला. त्याच्या आकाराला आणि वेगाला तोच ठीक आहे.

बंगळुरू समुद्रसपाटीपासून ९०० मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा साधारण ८ टक्क्यांनी विरळ. मुंबईच्या मावसभावाला १० ग्रॅम उचल मिळाली, तर हिशोबाने इथे ९.२ यायला हवी. पण तुमची तीनही वाचनं एकमेकांपासून एकेक ग्रॅमने वेगळी असतील, तर हा फरक तुम्हाला दिसणार नाही, आणि 'दिसला' असं लिहूही नका. दोन पंखांमधला फरक वाचनांच्या चढउतारापेक्षा मोठा असेल तरच तो फरक.

तीन शनिवार-रविवार

पहिला : पंख कापणं, जाळी करणं, वारा तपासणं. दुसरा : दोन तपासण्या आणि सपाट पंखाची मोजणी. तिसरा : बाकदार पंख, उलटा पंख आणि आलेख. तक्ता सगळ्यात शेवटी. ज्या घरात तक्ता आधी तयार होतो, तिथे आकडे मग तक्त्याला शोभतील असे येऊ लागतात.

आईबाबांसाठी

तुमचं काम कटर चालवताना जवळ असण्याचं, पंख्याच्या जाळीत बोटं किंवा काडी जाणार नाही हे बघण्याचं आणि उदबत्ती पुठ्ठ्यापासून लांब ठेवण्याचं. धूर बघताना पंखा अगदी मंद ठेवा. बाकी हात मागे बांधा. एखादं वाचन विचित्र आलं की 'ते सोडून दे' असं म्हणू नका. 'पुन्हा घेऊन बघ आणि दोन्ही लिही' असं म्हणा.

कधीकधी मुलाच्या आकड्यांतून एक निघतं आणि पुस्तकातल्या तक्त्यावर दुसरंच असतं. परीक्षक तक्त्यातलंच उत्तर मागतात. बक्षीस जाईल या भीतीने घरची मंडळी म्हणतात, 'जाऊ दे, ते सांगतात तसंच म्हण.' हे वाक्य मूल फार वर्षं लक्षात ठेवतं. त्यापेक्षा त्याला नम्रपणे एवढंच बोलायला शिकवा : 'सर, सपाट पंखाची ही १८ वाचनं आहेत. काटा इथेच आहे, तुम्हीही एकदा मोजून बघता का?' परीक्षक खरोखर खाली बसून काटा वाचू लागले, तर त्या टेबलाला बक्षीस मिळो वा न मिळो, प्रयोग जिंकला.

मोजणी झाली की एखाद्या रविवारी एचएएलच्या संग्रहालयात जाऊन या. घाटग्यांचं एचटी-२ तिथे ठेवलेलं आहे. कस्तुरबा रोडवरच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयात राइट बंधूंच्या विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. दोन्हींचे पंख बाजूने, डोळे त्यांच्या पातळीवर आणून बघा. एक पातळ आणि बाकदार, दुसरा जाड. कशामुळे, ते मुलांनाच विचारा. तोवर त्यांच्याकडे स्वतःचे आकडे असतील.